पिंजऱ्यावांचून कोंबडीपालन

अंड्यांसाठीं कोंबड्या पाळणारास पिंजरा सोयीचा कां वाटतो हें उघड आहे. थोड्या जागेंत पुष्कळ पक्षी राहतात, विष्ठा जाळींतून खालीं पडते, अंडें आपोआप पुढें घरंगळत येतें आणि मजुरी वांचते. या सोयीची किंमत मात्र पक्ष्यास द्यावी लागते, व तिचाच विचार आम्हीं येथें योजिला आहे.

साध्या तारेच्या पिंजऱ्यांत एका कोंबडीच्या वांट्यास साधारणतः 450 ते 550 चौरस सेंटिमीटर जागा येते. कचेरींतील ए-फोर कागदाचें क्षेत्रफळ सुमारें 624 आहे, यावरून काय तें समजावें. आडोशास अंडें घालणें, मातींत लोळून पिसें साफ करणें, जमीन उकरणें व रात्रीं उंच जागीं बसणें ह्या गोष्टी कोंबडीच्या उपजत आहेत. परसांतील कोंबडी पाहिलेल्यास त्या सांगावयास नकोत. पिंजऱ्यांत घरटें न मिळाल्यामुळें अंडें घालण्यापूर्वीं ती बेचैन होऊन येरझारा घालूं पाहते. हालचालीच्या अभावीं हाडें दुबळीं होतात आणि पुढें पक्षी बाहेर ओढून काढतांना तीं सहज मोडतात.

स्वित्झर्लंडांत ही पद्धत 1992 सालापासून बंद आहे. युरोपीय संघानें 1999 सालीं नियम करून साधे पिंजरे 1 जानेवारी 2012 पासून बंद केले. घरटें व दांडी असलेल्या मोठ्या पिंजऱ्यांस मात्र मुभा ठेविली. आपल्याकडे विधि आयोगानें 2017 सालीं या विषयावर स्वतंत्र अहवाल दिला.

म्हणून उद्यांच पिंजरे उपटून कोंबड्या जमिनीवर सोडाव्या, असें आमचें म्हणणें नाहीं. पिंजऱ्यांत एखादी खोडकर कोंबडी दोन-चार सोबतिणींस टोचील. मोकळ्या घरांत तीच खोड शेंकडों पक्ष्यांस लागते. विष्ठेशीं संबंध आल्यानें रक्ती हगवण व जंत यांचेंही भय वाढतें. हे दोष व्यवस्थेनें आटोक्यांत येतात, आणि त्या व्यवस्थेंत गादीस पहिलें स्थान आहे.

भाताचें तूस, लांकडाचा भुसा किंवा भुईमुगाचीं टरफलें पसरून गादी करावी व ती वरचेवर हलवावी. मूठभर घेऊन दाबावी. गोळा झाला व तसाच राहिला तर ती ओली समजावी. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, पाण्याच्या भांड्याखालचा भाग रोज पाहिला पाहिजे. उभ्यानें वास घेऊन भागत नाहीं; कोंबडीच्या उंचीपर्यंत वांकून घ्यावा. डोळ्यांस झोंबला तर पक्ष्यांस तो दिवसरात्र झोंबत आहे.

जागेचें माप युरोपांतील नियमांवरून घेतां येईल. वापरांतील दर चौरस मीटरास 9 पेक्षां अधिक कोंबड्या नकोत, 7 कोंबड्यांमागें एक घरटें, व बसण्यास प्रत्येकीमागें 15 सेंटिमीटर दांडी. दांडी फार उंच केल्यास उडी चुकून छातीचें हाड मोडतें, हें विसरूं नये.

घरटीं अंधारीं असावीं, व तलंगा अंडीं घालूं लागण्यापूर्वींच तीं जाग्यावर असावीं. आरंभीं जमिनीवर पडलेलीं अंडीं सकाळीं अनेक वेळां उचलावीं. एक अंडें पडून राहिलें कीं दुसरी तेथेंच बसते. घराचे अंधारे कोपरे बंद केल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

खर्च वाढतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. हिंडणाऱ्या पक्ष्यास खाद्य अधिक लागतें, गडीही अधिक लागतो, आणि घाऊक व्यापारी कोंबडी कशी ठेविली हें सहसा विचारीत नाहीं. तेव्हां अधिक दर देणारें गिऱ्हाईक अगोदर पाहून मग घर बांधावें.

आरंभ नव्या पिलांपासून करावा. पहिल्या कांहीं आठवड्यांतच बुटक्या दांड्या दिल्या कीं पिलें चढउतार शिकतात, आणि मोठेपणीं जमिनीवर अंडीं घालण्याचें प्रमाण कमी राहतें. पिंजऱ्यांत वाढलेल्या तलंगा आणून मोकळ्या घरांत सोडल्यास त्यांस दांडीवर चढणेंही नीट साधत नाहीं. अशा तलंगा स्वस्त मिळाल्या तरी घेऊं नयेत.