दगडाला झिलई कशी चढते?

नदीच्या उथळ पाण्यात चमकणारा तांबूस किंवा हिरवट गोटा तुम्ही कधी ना कधी खिशात घालून घरी आणला असेल. घरी येईपर्यंत तो वाळतो आणि राखट, निस्तेज दिसू लागतो. दगड तर तोच आहे; मग त्याचा रंग गेला कोठे? तो पुन्हा पाण्यात बुडवा. रंग लगेच परत येतो! दगडांना झिलई देण्याच्या छंदामागचे शास्त्र या साध्या अनुभवात सापडते.

गोट्याच्या पृष्ठभागावर असंख्य बारीक ओरखडे असतात. त्यांच्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. हा विखुरलेला पांढरा प्रकाश दगडाच्या मूळ रंगात मिसळतो आणि रंग फिका दिसतो. पाणी ओरखड्यांच्या खाचा भरून काढते, म्हणून ओला दगड उजळ दिसतो. पाणी वाळले की खाचा पुन्हा उघड्या पडतात. त्या खाचाच नाहीशा केल्या तर? तर कोरडा दगडही ओल्यासारखा चमकेल. म्हणजेच झिलई हा वरून लावलेला थर नव्हे. मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी बारीक, मग त्याहून बारीक ओरखडे पाडत जाणे, म्हणजे झिलई देणे होय. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०·०००४ ते ०·०००७ मिलिमीटर असते. ओरखडे याहूनही बरेच लहान झाले, की प्रकाश विखुरत नाही. आरशावरून परतावा तसा परततो.

कोणता दगड निवडावा?

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांची कठीणपणाची श्रेणी तयार केली. तीत सर्वांत मऊ शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हा क्रमांक आहे. कॅल्साइट ३, फेल्स्पार ६, गारगोटी ७ व कुरुविंद ९ क्रमांकावर येतात. वरच्या क्रमांकाचे खनिज खालच्या क्रमांकाच्या खनिजावर ओरखडा पाडते.

या छंदासाठी महाराष्ट्राची भूमी फार अनुकूल आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि त्यांचा काळा बेसाल्ट खडक बनला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिका त्या पोकळ्यांत साचून गारगोटी आणि पट्ट्यापट्ट्यांचा अकीक तयार झाला. बेसाल्ट झिजतो, पण अकीक टिकतो. म्हणून तो नदीच्या वाळूत आणि नांगरलेल्या शेतात सापडतो. अकीकाचे कण अतिशय बारीक व एकमेकांत घट्ट बसलेले असल्याने त्याला उत्तम झिलई येते. छिद्रे असलेला जाळीदार बेसाल्ट मात्र घेऊ नये.

पांढरा दगड गारगोटीचा की कॅल्साइटचा, हे कसे ओळखावे? पोलादी चाकूच्या टोकाने ओढून पाहा. कॅल्साइटवर ओरखडा उठतो, गारगोटीवर उठत नाही.

हाताने करून पाहा

अकीक कठीण असल्याने हाताने घासायला फार वेळ लागतो. सुरुवात संगमरवराच्या तुकड्यापासून करा. त्याचा कठीणपणा सुमारे ३ असतो. रंगाच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो. त्यावर सिलिकॉन कार्बाइडचे कण चिकटवलेले असतात. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत तयार केलेला हा पदार्थ कुरुविंदापेक्षाही कठीण आहे. कागदावरील क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. १२०, २२०, ४००, ८०० आणि १२०० क्रमांकाचे कागद आणा.

१२० चा कागद काचेवर ठेवून ओला करा आणि त्यावर दगड एकाच दिशेने घासा. दगड व हात स्वच्छ धुऊन २२० चा कागद घ्या आणि आता पहिल्या दिशेशी काटकोन करून घासा. आधीचे आडवे ओरखडे पूर्ण नाहीसे झाले, की मगच पुढच्या कागदाकडे वळा. प्रत्येक वेळी दिशा बदला. एखादी पायरी गाळली किंवा जाड पुडीचा एखादा कण मागे राहिला, तर त्याचा ओरखडा शेवटच्या चकाकीतही उठून दिसतो. शेवटी ओल्या जाड कापडावर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड घेऊन घासा.

फिरते पिंप

हेच काम अनेक दगडांवर एकाच वेळी करणारे यंत्र म्हणजे टम्बलर. रबराचे अस्तर असलेल्या लहान पिंपात दगड, पाणी व सिलिकॉन कार्बाइडची पूड घालतात. पिंप सुमारे दोन तृतीयांश भरतात आणि विजेच्या मोटरने रात्रंदिवस सावकाश फिरवतात. दगड पिंपाच्या भिंतीबरोबर वर चढतात आणि वरचा थर दरड घसरावी तसा खाली घसरतो. या घसरणीत ते एकमेकांवर घासले जातात. वेग फार वाढवला किंवा पिंप अर्धवट भरले, तर दगड आपटून त्यांचे टवके उडतात. जाड, मध्यम व बारीक पूड आणि शेवटी झिलईची पूड अशा चार पायऱ्यांना साधारण एक महिना लागतो. एका पिंपात सारख्याच कठीणपणाचे दगड घालावेत. नाहीतर मऊ दगड झिजून संपतात. उरलेला गाळ मोरीत ओतू नका. तो नळीत घट्ट बसतो.

धुळीची किंमत

गुजरातमधील खंबायत हे गाव अकीकाच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच प्रदेशातील लोथल येथे १९५५ नंतर झालेल्या उत्खननात सिंधू संस्कृतीच्या काळातील मणी बनवण्याचा कारखाना सापडला. खंबायतचे कारागीर पूर्वी मणी, पाणी आणि घासणारी पूड चामड्याच्या पिशवीत भरून ती पिशवी कित्येक दिवस एकमेकांकडे लोटत. टम्बलरचे तत्त्व तेच आहे!

परंतु या सौंदर्याची किंमत तेथील अनेक कारागिरांनी आपल्या आरोग्याने चुकवली आहे. विजेच्या चाकावर अकीक कोरडा घासला, की सिलिकेची अतिसूक्ष्म धूळ उडते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून सिलिकोसिस होतो. या रोगामुळे फुप्फुसाची झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून एक नियम कायम पाळा: दगड घासायचा तो ओलाच. सांडलेला गाळ वाळू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

संग्रह आणि नोंद

पुण्याजवळील वाघोलीच्या खाणींतून निघालेले कॅव्हन्साइटचे निळे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. असे स्फटिक किंवा बेसाल्टच्या पोकळ्यांतील झिओलाइट कधीही पिंपात घालू नयेत. त्यांचे मोल त्यांच्या नैसर्गिक आकारात असते. लेणी व किल्ले यांचा दगड फोडू नये आणि खाणीत परवानगीवाचून जाऊ नये.

प्रत्येक दगडाला क्रमांक द्या. वहीत ठिकाण, तारीख, तो पात्रात मिळाला की शेतात, आणि कठीणपणा लिहून ठेवा. शक्य तेथे एक जोडीदार दगड न घासता तसाच ठेवा. झिलई दिली की दगडाची मूळ साल आणि तिच्यावरच्या खुणा पुसल्या जातात. मग तो कोठून आला हे सांगायला तुमची वहीच उरते.

तुम्ही शोधून काढा

१. वाळवलेले दगड घासण्यापूर्वी व नंतर तोला. वजनातील घट कोठे गेली?

२. झिलई आलेल्या संगमरवरावर लिंबाच्या रसाचा थेंब दहा मिनिटे ठेवा. हाच प्रयोग गारगोटीवर करा. फरक का पडला?

३. नदीच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून प्रत्येकी वीस गोटे जमवा. कोणत्या भागातील गोट्यांच्या कडा अधिक गोल आहेत?