शुश्रूषा : सेवा आणि शास्त्र

परिचारिकेचे काम म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचे काम, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. मुलीने नर्सिंगला जायचे म्हटले की घरात दोन शंका निघतात. रात्रपाळीचे काय, ही पहिली. दुसरी सहसा बोलून दाखवली जात नाही : परक्या माणसाची घाण काढण्याचे काम आपल्या लेकीने का करावे? ज्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या घाणीची कामे लादली गेली, त्या समाजातील आईबापांच्या मनात ही शंका यावी यात नवल नाही. तिची टिंगल न करता तिचे उत्तर शोधले पाहिजे. शुश्रूषेवर अलीकडच्या काळात जे संशोधन झाले आहे, त्यातून हे उत्तर मिळू शकते असे आम्हांस वाटते. म्हणून त्यातील निवडक संशोधनांची ओळख विद्यार्थ्यांना येथे करून देत आहोत.

१) ज्ञान

पहिले उदाहरण आपल्याच राज्यातील, गडचिरोलीचे आहे. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांच्या मृत्यूचा अभ्यास केला. ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. तुलनेसाठी ४७ गावे घेतली, तेथे हा उपक्रम नव्हता. या स्त्रियांचे शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंतचे होते. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, अंगावरचे दूध नीट पाजले जाते की नाही ते पाहणे, जन्मतः गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून गोळी-इंजेक्शन देणे, हे सर्व त्या शिकल्या.

या उपक्रमापूर्वी, १९९३ ते १९९५ या काळात, त्या ३९ गावांत दर हजार जन्मांमागे सुमारे ६२ बालके पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के होती. जंतुदोष झालेल्या बालकांत पूर्वी शंभरातील १६ ते १७ दगावत. उपचार सुरू झाल्यावर तीनहून कमी. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०११ साली घरोघरी नवजात बालकाच्या काळजीचा कार्यक्रम सुरू केला, त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे. आज बाळंतिणीच्या घरी आशाताई वजनकाटा घेऊन येते, ती या संशोधनाचीच वाट चालत येते.

येथे मोठे रुग्णालय बांधले गेले नव्हते. बदल झाला तो शिकलेल्या हातांमुळे.

२) संख्या

दुसरे संशोधन अमेरिकेतील लिंडा एकेन यांचे. २००२ साली त्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या दोन लाखांहून अधिक रोग्यांची माहिती त्यांनी तपासली. एका परिचारिकेकडे एक रोगी वाढला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ साली युरोपातील नऊ देशांच्या अभ्यासातही तेच आढळले. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जेथे १० टक्क्यांनी अधिक, तेथे मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती.

असा अभ्यास एकत्र आढळणाऱ्या दोन गोष्टी दाखवतो. एकीमुळेच दुसरी घडली, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरीही निरनिराळ्या देशांत तोच आकडा पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा तो बाजूला सारता येत नाही. ज्या वॉर्डात एका परिचारिकेवर चाळीस खाटा सोपवल्या जातात, तेथे तिच्यावर रागावण्याऐवजी जागा का भरल्या नाहीत हे नागरिकांनी विचारले पाहिजे.

३) हात

तिसरे संशोधन जिनिव्हातील रुग्णालयाचे. प्रा. दिदिए पिते व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याच्या खाटेजवळच हात निर्जंतुक करण्याचे द्रावण ठेवले आणि सर्वांना त्याची सवय लावण्याची मोहीम चालवली. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले. रुग्णालयात जडणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर उतरले. हा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात आणखी एक नोंद आहे. सुधारणा परिचारिकांमध्ये झाली, डॉक्टरांमध्ये फारशी झाली नाही.

आता त्या मनातल्या शंकेकडे वळू. घाण काढणे हे शुश्रूषेचे एक अंग आहे, हे खरे. विनयपिटकातील महावग्गात पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्षूची कथा आहे. भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. त्यांत किळस न बाळगणे आहेच. पण औषध तयार करता येणे आणि रोग्याला काय मानवते, काय मानवत नाही हे कळणे, हेही आहे. जन्मावरून लादलेले काम आणि शिकून, परीक्षा देऊन, स्वेच्छेने पत्करलेले काम यांत हाच भेद आहे.

आपल्या येवल्यात पैठणीच्या मागावर न शिकलेल्या माणसाला कोणी बसवत नाही. एक धागा चुकला तर पदर बिघडतो, हे सर्वांना ठाऊक असते. रोग्याच्या उशाशी मात्र आपण हाताशी असेल त्याला बसवतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे घरच्यांना माहीत नसले की दुखणे दुप्पट होते.

विद्यार्थी मित्रांनो, बारावीनंतर मुलींसाठी दोन वर्षांचा ए.एन.एम., तर मुले-मुली दोघांसाठी तीन वर्षांचा जी.एन.एम. व चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग हे अभ्यासक्रम आहेत. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात, म्हणून अकरावीतच विचार करावा. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकलाच आहे. पालकांनीही मुलीला ‘नर्सिंगच का?’ असे विचारण्याआधी वरील आकडे एकदा तिच्यासोबत बसून वाचावेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. गडचिरोलीच्या अभ्यासात तुलनेची ४७ गावे घेतली नसती, तर निष्कर्षावर कोणता आक्षेप आला असता?
२. आपल्या नातेवाइकाला भेटायला रुग्णालयात जाताना आपण हात केव्हा केव्हा धुवावेत?
३. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेले किती रोगी आहेत आणि त्यांची कूस कोण बदलते?