गावाचे आकडे वाचताना

भूगोलाच्या तासाला आम्हाला २०११ च्या जनगणनेतले उत्तराखंडाचे तक्ते अभ्यासाला दिले होते. पौडी गढवाल जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११०३ स्त्रिया, अल्मोड्यात ११३९. मी वहीत लिहिले, 'येथे मुलींना मान आहे.' सरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि फळ्यावर पिथोरागढचे दोन आकडे लिहिले. एकूण लिंगगुणोत्तर १०२०, पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये फक्त ८१६.

म्हणजे मुली जास्त जन्मत नव्हत्या, पुरुष गावात नव्हते. कोणी दिल्लीत हॉटेलात कामाला, कोणी पलटणीत. जनगणनेत माणूस राहतो तिथे मोजला जातो. त्यामुळे गावाच्या तक्त्यात न दिसणारी माणसेच कधीकधी सगळ्यात महत्त्वाची असतात.

पौडीची लोकसंख्या २००१ मध्ये ६,९७,०७८ होती, ती २०११ मध्ये ६,८७,२७१ झाली. त्याच दहा वर्षांत देहरादून जिल्हा ३२ टक्क्यांनी वाढला. राज्याच्या पलायन आयोगाच्या २०१८ च्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे पूर्ण ओस पडली. घर सोडण्याचे कारण निम्म्या लोकांच्या बाबतीत रोजगार होते. त्याखालोखाल शिक्षण आणि दवाखाना.

उत्पन्नाचा आकडा तर आणखी फसवा. समजा, एका गावात दहा घरे आहेत. नऊ घरांचे मासिक उत्पन्न ८,००० रुपये आणि दहाव्या घरी निवृत्त सुभेदारांचे पेन्शन ३८,०००. सरासरी निघते ११,०००, जी गावात कोणाचीच कमाई नाही. आता नऊपैकी दोन घरे कुलूप लावून निघून गेली. सरासरी होते ११,७५०! कोणाला एक रुपया जास्त मिळाला नाही, दोन घरांची शेते पडीक झाली, आणि कागदावर गाव श्रीमंत झाले. अशा वेळी मध्यक काढावा. तो आधीही ८,००० होता, नंतरही ८,०००च आहे.

उरलेल्या आठ घरांत ३६ माणसे आहेत असे धरू. तिथे नेपाळहून मजुरीला आलेले चार जणांचे कुटुंब राहू लागले, तर ते गावाचे दहा टक्के झाले. जिल्ह्याच्या तक्त्यात ते दिसणारही नाही. पण त्यांची दोन मुले पटावर आली म्हणून गावची शाळा चालू राहू शकते. लहान गावात टक्केवारीबरोबर मूळ संख्याही लिहावी, नाहीतर दहा टक्के म्हणजे मोठा लोंढाच वाटतो.

हे सगळे मला दूरचे वाटत होते. मग सहज माझ्या रत्नागिरी जिल्ह्याचा तक्ता उघडला. २००१ मध्ये १६,९६,७७७. २०११ मध्ये १६,१५,०६९. घट पौडीपेक्षाही जास्त, जवळजवळ पाच टक्के. लिंगगुणोत्तर ११२२. गढवालात ज्याला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणतात, तीच आमच्याकडे मुंबईच्या चाकरमान्यांवर चालत आली. आमच्या वाडीत गणपतीत पंगतीला जागा पुरत नाही आणि एरवी अर्ध्या घरांना कुलूप असते. जनगणना गणपतीत झाली तर आकडे वेगळेच येतील, असे आजी म्हणते.

वसतिगृहातली मुले वसतिगृहातच मोजतात, हेही मला या अभ्यासात कळले. पुढच्या जनगणनेत आमच्या घरी आजी एकटीच असेल. फोनवर तिला हे सांगितले, तर म्हणाली, "मोजणारा आला की मी दोन सांगेन."