काचबिंदू : दोन औषधे कशासाठी?



मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. डोळ्यात आतल्या आत सारखे पाणी तयार होते व निचरून जाते. निचरा तुंबला की दाब वाढतो, मागची नस वाळत जाते. बहुधा दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

चिबड रानात आपण पाटाचे पाणी कमी करतो आणि चरही खणतो. डॉक्टरांचे तेच धोरण. टिमोलॉलने पाणी कमी तयार होते, लॅटानोप्रोस्टने निचरा वाढतो. एकाने भागले नाही तर दुसरे जोडतात. एकाच औषधाचे जादा थेंब टाकून दाब जास्त उतरत नाही.

ध्यानात ठेवा :

1. डोळ्यात एका थेंबापेक्षा जास्त मावत नाही. दुसरे औषध लगेच टाकले तर पहिले वाहून जाते. मध्ये 5 ते 10 मिनिटे जाऊ द्या.

2. थेंब टाकून डोळा मिटा, नाकाजवळचा कोपरा 2 मिनिटे दाबून धरा.

3. दमा किंवा मंद नाडी असल्यास आधी सांगा, टिमोलॉल बाधते.

4. तोडणीच्या गडबडीतही थेंब चुकवू नका, मनाने बंद करू नका.

चाळिशी उलटलेल्यांनी, विशेषतः घरात कुणाला काचबिंदू असल्यास, डोळ्याचा दाब तपासावा. इस्लापूर भागातील सभासदांना नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्र विभाग आहे. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे दाब तपासला असे नव्हे. तो मुद्दाम तपासून घ्यावा, ही विनंती.