पेशीत दिवा लावणारा रॉजर चेन

मेजरमेंटच्या लेक्चरला 'रेशिओ घ्या म्हणजे एरर कॅन्सल होते' हे वाक्य आपण सगळ्यांनीच लिहून घेतलंय. मला ते खरं कळलं ते एका केमिस्टमुळे. नाव रॉजर चेन. (स्पेलिंग 'टी-एस'ने सुरू होतं, पण उच्चार चेनच!)

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा माणूस केंब्रिजला शिकत असताना त्याला एक प्रश्न पडला. जिवंत पेशीतलं कॅल्शियम मोजायचं कसं? पेशीबाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतं. आत थोडं जरी वाढलं तरी स्नायू आखडतो, नस संदेश सोडते. पण मोजायला सुई खुपसली की पेशीच बिचारी मरायची!

चेनने कॅल्शियम पकडणारा रेणू बनवला, पण त्यावर ऋण भार, त्यामुळे तो पेशीच्या पडद्यातून आत जाईना. मग त्याने भार एस्टरने झाकून टाकले. झाकलेला रेणू आरामात आत शिरतो. आतली एन्झाइम्स ते झाकण कापतात आणि रेणू आतच अडकतो. पेशी स्वतःच दार लावून घेते म्हणा ना! मला तरी नोबेलपेक्षा ही युक्तीच भारी वाटते.

१९८५ मध्ये आला फ्युरा-२. कॅल्शियम चिकटलं की ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात तो जास्त चमकतो, ३८० ला कमी. दोन्हींचा रेशिओ घेतला की पेशी जाड का पातळ, रंग किती शिरला, हे सगळं कॅन्सल. हेच ते आपलं वहीतलं वाक्य!

पुढे जेलीफिशचं हिरवं प्रोटीन, जीएफपी. ते १९६२ मध्ये शिमोमुरांनी शोधलेलं. त्याच्या २३८ अमिनो आम्लांपैकी ६५वं, फक्त एकच, बदलून चेनने ते कितीतरी तेजस्वी केलं (१९९५). मग निळे आणि पिवळे प्रकार आले, आणि प्रवाळातल्या प्रोटीनपासून लाल. लाल रंगांना तर चेरी, स्ट्रॉबेरी अशी फळांची नावं! २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि चेन यांना विभागून मिळालं.

पण चेनला जीएफपीचा जीन दिला कोणी? डग्लस प्रॅशरने. १९९२ मध्ये त्याने तो क्लोन केला, ग्रँट संपली, तेव्हा जीन चेन आणि चाल्फीला देऊन टाकला. नोबेल जाहीर झालं त्या दिवसांत प्रॅशर अलाबामात एका मोटार डीलरकडे तासाच्या पगारावर ग्राहकांना व्हॅनमधून ने-आण करत होता. हे वाचून मी रात्री मेसमध्ये विषय काढला तर दोन तट पडले. एक म्हणाला, "नियमच आहे, तिघांनाच मिळतं." दुसरा जेवण अर्धवट टाकून उठला.

चेन आणि चाल्फीने प्रॅशर पतिपत्नींना स्वखर्चाने स्टॉकहोमला नेलं. २०१२ मध्ये चेनने त्याला आपल्या सॅन डिएगोच्या लॅबमध्ये कामावर घेतलं. चेन २०१६ च्या ऑगस्टमध्ये गेला, ६४ वर्षांचा होता.