‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ : समर्थन आणि पाठाचा प्रश्न

लॉइड अलेक्झांडर यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘द ब्लॅक कॉल्ड्रन’ (१९८५) हा डिस्नेचा अद्भुतरम्य ॲनिमेशनपट तिकीटखिडकीवर अपयशी ठरला. त्याचे चाहते समर्थनार्थ प्रदर्शनापूर्वी कापलेल्या सुमारे १२ मिनिटांकडे बोट दाखवितात. हा युक्तिवाद दुबळा होय; अनुपलब्ध पाठावर मूल्यनिर्णय उभारता येत नाही. सबळ पुरावा उपलब्ध पाठातच आहे. मृतांचे सैन्य उठविणारी काहील निष्प्रभ करावयाची, तर कुणा जिवंत प्राण्याने स्वेच्छेने तिच्यात उडी घ्यावी लागते. कादंबरीत ती गर्विष्ठ राजपुत्र एलिडिर घेतो. चित्रपटात भित्रा, हास्यास्पद गर्गी! पुढे डुकरे राखणारा टॅरन जादूची तलवार नाकारून गर्गीचे प्राण मागतो. वीरकथेचा वीरच येथे बदलतो. अर्थात, गर्गी पुन्हा जिवंत झाल्याने त्यागाची धार बोथट होते, हा आक्षेप सहज खोडता येण्याजोगा नाही.