पाळीचं दुखणं छातीत? टाक्यांत? – एंडोमेट्रिओसिस समजून घेऊ



सहावी-सातवीच्या मुलींना आपण पाळीची माहिती देतो. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला जाड होतं, गर्भ राहिला नाही की रक्तासोबत बाहेर पडतं. त्या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाबाहेर वाढल्या, तर त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रिया व मुलींना हा आजार असतो. बहुतेकींना तो ओटीपोटातच, बीजांडकोशाच्या आसपास असतो.

पण काहींना तो आतड्यावर, मूत्राशयावर, बेंबीत, सिझेरियनच्या टाक्यांत आणि क्वचित फुफ्फुसातही होतो! सिझेरियनच्या वेळी काही पेशी जखमेत राहून तिथे रुजतात, असं मानतात. कुठेही असल्या तरी या पेशी शरीरातल्या हार्मोन्सचं ऐकतात. त्यामुळे टाक्यांजवळची गाठ पाळीच्या दिवसांत ठणकते, नंतर शांत होते. आतड्यावर असेल तर त्याच दिवसांत शौचाला कळा येतात. फुफ्फुसात असेल तर खोकल्यातून रक्त पडतं, नाहीतर छातीत, बहुधा उजवीकडे, हवा साठून दम लागतो. अशा वेळी तारीख बघत न बसता लगेच दवाखाना गाठायचा. खोकल्यातून रक्त म्हटलं की आधी टीबी आठवतो, ती तपासणी हवीच. पण पाळीच्या तारखेशी मेळ आहे का, हे बाई लाजून सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

म्हणून दूध-गॅसच्या नोंदी असतात त्याच कॅलेंडरवर पाळी आणि दुखणं, दोन्हींची खूण करा. आपल्या राधानगरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सीपीआरला जाताना ते पान सोबत न्या. दर महिन्याला ठरावीक दिवशी गैरहजर राहणारी मुलगी हजेरीपटावरही दिसते बरं का.

उपचार जागेवर ठरतो. टाक्यांतली गाठ भोवतीच्या थोड्या निरोगी भागासकट कापून काढतात. आतड्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. छातीत हवा जास्त साठली तर आधी नळी घालतात, गरजेनुसार दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात आणि पुन्हा होऊ नये म्हणून हार्मोनची औषधं देतात. डायनोजेस्टसारख्या गोळ्यांनी दुखणं आटोक्यात राहतं, पण त्या चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

आणि "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा शेजारपाजारचा सल्ला? पिशवी काढली तरी टाक्यांतली किंवा छातीतली गाठ तिथेच राहते, आणि बीजांडकोश शाबूत असेल तर तिला हार्मोन्सही मिळतच राहतात.